वॉटरकलरमध्ये चहाचा ग्लास काढला की प्लास्टिकसारखा दिसतो, काय चुकतंय?

तुम्ही म्हणताय ग्लासला राखाडी रंग देतोय तरी काच वाटत नाही. अहो तो राखाडीच आधी बाजूला ठेवा. साध्या काचेला स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच, तिच्यामागचं जे असतं तेच वाकडंतिकडं होऊन दिसतं, आपण रंगवायचं ते.

घरात करून बघा, सरळ ग्लास पाण्यानं भरा, मागं वीतभर लांब एका बाजूला लाल मिरची आणि दुसऱ्या बाजूला लिंबू ठेवा. ग्लासात मिरची लिंबाच्या जागी दिसेल, लिंबू मिरचीच्या, कारण गोल ग्लासातलं पाणी भिंगाचं काम करतंय. पाणी ओतून टाका, दोन्ही परत आपापल्या जागी. हे कळायच्या आधी मी बेळगावात खडेबाजारात चहाच्या गाड्यापाशी बसून वर्षभर ग्लास काढायलो होतो आणि सगळे अंदाजानं, डोळ्यानं बघून एकपण नाही.

दुसरं म्हणजे कडा. चहूबाजूनं सारखी रेघ मारू नका. मागं पांढरी भिंत असली की कडा गडद दिसतात, मागं अंधार असला की त्याच कडा उजळतात, म्हणून रेघ कुठं जाड, कुठं बारीक, कुठं गायबच. आणि खिडकीची चमक म्हणजे कोरा कागद, ती पेन्सिलनं आधीच आखून सोडायची, नंतर पांढरा रंग लावून तसं चमकत नाही. त्या कोऱ्या जागेला अगदी चिकटून सगळ्यात गडद रंग द्या (मी अल्ट्रामरीन म्हणजे गडद निळा आणि बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस तपकिरी मिसळतो, काळी ट्यूब वापरत नाही), काच तिथंच तयार होते बघा. चमकेची कड धारदार पाहिजे, म्हणून आधीचा थर पूर्ण वाळू द्या. चहा बिनदुधाचा असला तर ग्लासाच्या सावलीत मध्येच चहाच्या रंगाचा उजेड पडतो, तोपण विसरू नका, मला तर सगळ्यात जास्त तोच आवडतो.

कागद जाड, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या. आमच्याकडं पावसाळ्यात कागद लवकर वाळतच नाही, त्यामुळं चमकेची जागा कोरी राखायला मास्किंग फ्लुइड (वाळल्यावर रबरासारखं सोलून निघणारं द्रव) लावलंत तर त्याच दिवशी, पण कागद खडखडीत वाळल्यावरच सोला. मी गोटी सोड्याच्या बाटलीच्या चित्रावर तीन दिवस तसंच ठेवलं होतं, सोलताना गोटीवरचा कागदाचा पापुद्राच निघून आला.