जुना फ्लॅट विकताना गळतीची माहिती खरेदीदाराला देणे कायद्याने बंधनकारक आहे का?

होय, बहुतेक वेळा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, मालमत्तेतील किंवा विक्रेत्याच्या मालकी हक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला ठाऊक आहे, खरेदीदाराला ठाऊक नाही आणि नेहमीची खबरदारी घेऊनही त्याच्या लक्षात येणार नाही, तो उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. भिंतीला पडलेली ठसठशीत भेग खरेदीदाराने स्वतः पाहावी, अशी अपेक्षा असते. परंतु दर पावसाळ्यात पाझरणाऱ्या छतावर उन्हाळ्यात रंगाचा हात फिरवून घर दाखवले, तर तो दोष दडवलेलाच ठरण्याची शक्यता अधिक. असे मौन हे कलम कपटपूर्ण मानते, त्यामुळे व्यवहार रद्द होण्याची किंवा नुकसानभरपाईची वेळ येऊ शकते.

माझ्या मते खरी जोखीम मात्र गळतीपेक्षा कागदपत्रांत असते. बँकेचे न फिटलेले कर्ज, वारसांचा वाद, न्यायालयात चालू असलेला दावा, हे सारे सांगावे लागते. मागितल्यास मालकीची कागदपत्रे दाखवावी लागतात आणि संबंधित प्रश्नांना माहितीप्रमाणे उत्तरे द्यावी लागतात. विक्रीच्या तारखेपर्यंतचा मालमत्ता कर विक्रेत्यानेच भरायचा असतो. रेरा म्हणजेच स्थावर संपदा (नियमन व विकास) कायद्यातील पाच वर्षांची दोषदुरुस्तीची जबाबदारी विकासकाची आहे, पुनर्विक्री करणाऱ्या सदनिकाधारकाची नव्हे.

गळतीचा आणि सोसायटीच्या थकबाकीचा स्पष्ट उल्लेख विक्री करारातच करून घ्यावा, कारण तोंडी सांगितलेले पुढे सिद्ध करणे कठीण जाते.