मैत्रिणीचा ब्लॉग वाचून मत द्यायचंय, पण सुरुवात कुठून करू?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की मराठीत पर्सनल ब्लॉग लिहिणाऱ्यांनी एकमेकांचे ब्लॉग नीट वाचावेत आणि कंटेंट आणि डिझाइन दोन्हीवर मोकळेपणाने बोलावं, नुसतं 'छान लिहिलंय, लिहीत राहा' एवढ्यावर भागवू नये. त्यावर भरपूर पत्रं आली, सगळी घेणं शक्य नाही, त्यातली काही घेतेय.

ताई, माझी एक मैत्रीण ब्लॉग लिहिते, मूळची कोल्हापूरकडची आहे, माहेरच्या आठवणी, पदार्थ, मधेच प्रवास असं सगळं असतं. ती म्हणतेय की तू वाच आणि स्पष्ट सांग. मला लिखाणातलं फार कळत नाही आणि स्पष्ट बोलले तर तिला वाईट वाटेल अशी भीती पण वाटते. काय बघू आणि कसं सांगू? (एक वाचक, नाशिक)

लिखाणातलं कळत नाही हे आधी डोक्यातून काढून टाका, तिला समीक्षक नकोय, वाचक हवाय, आणि तो तुम्ही आहातच.

होमपेज बघून मत बनवू नका. ताज्या तीन-चार पोस्ट वाचा, मग मागे जाऊन अगदी पहिली पोस्ट वाचा, आणि 'माझ्याबद्दल' हे पान. एवढ्यात कळतं की बाई कशावर लिहिताना रंगते आणि कुठे उरकते. वाचताना शेजारी कागद ठेवा, जिथे तुमचं लक्ष उडालं आणि अंगठा आपोआप स्क्रोल करायला लागला तिथली नोंद करा, जिथे मागे येऊन परत वाचलंत तिथलीही करा. खरं सांगायचं तर या नोंदी म्हणजेच तुमचा रिव्ह्यू, बाकी शब्द मागाहून जुळवता येतात.

तुम्ही मैत्रिणीला विचारून लिंक पाठवलीत म्हणून मी तिची वाळवणाची पोस्ट वाचली. पहिले दोन परिच्छेद 'आपल्या संस्कृतीत वाळवणाला अनन्यसाधारण महत्त्व आहे', मग बदलती जीवनशैली, मग हरवत चाललेल्या गोष्टी, हे कुणीही लिहू शकतं आणि खूप जणांनी लिहिलंय. पण तिसऱ्या परिच्छेदात घरात तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास येतो, आजी चुलीवर चीक घाटतेय, गच्चीवर जुनं लुगडं अंथरलंय, आणि हिला राखणीला बसवलंय तर ही अर्धवट वाळलेल्या कुरडया खातेय, कडेने कडक आणि मधे अजून मऊ. ते 'कडेने कडक आणि मधे मऊ' मी दोनदा वाचलं, कारण हे फक्त ती लिहू शकते, ज्याने खाल्लंय त्यालाच माहीत असतं ते. मग शेवटी रेसिपी दिलीय आणि त्यात चिकाला पाणी किती घ्यायचं हेच नाहीये, मीठ 'अंदाजे', आता ज्या मुलीने पहिल्यांदा करायला घेतलंय तिने काय करायचं?

आता हे सांगायचं कसं. 'सुरुवात बोअर आहे' असं म्हटलं तर तिला नुसतं वाईट वाटेल, करण्यासारखं काहीच मिळणार नाही. त्याऐवजी 'तुझी पोस्ट मला गव्हाच्या वासापासून सुरू झाल्यासारखी वाटली, वरचे दोन परिच्छेद काढून एकदा वाचून बघ ना' असं म्हणा. हेही स्पष्टच आहे की, आणि तिला ते पाच मिनिटांत करून बघता येतं. आवडलं ते सांगताना तिचंच वाक्य उचलून दाखवा, म्हणजे तुम्ही खरंच वाचलंय हे तिला कळतं आणि पुढचं बोलणं ती मनावर घेते. एका वेळी दोनच गोष्टी सांगा. दहा सांगितल्या की माणूस एकही दुरुस्त करत नाही आणि महिनाभर लिहायचा थांबतो, हे मी बऱ्याच ब्लॉगवर होताना पाहिलंय. 'पोस्ट लांब झालीय' असं मोघमही म्हणू नका, कुठे लांबली ते दाखवा.

आणि एक, घरातलं कुणी गेल्यावर लिहिलेली पोस्ट असेल तर त्यावर लिखाणाचं काही बोलायचंच नाही, वाचली एवढं कळवा.

मॅडम, मी निवृत्त शिक्षक, २०११ पासून गूगलच्या ब्लॉगरवर लिहितो. काळी पार्श्वभूमी, पिवळी अक्षरं, बाजूला घड्याळ, कॅलेंडर, किती वाचक आले त्याचा आकडा असं सगळं हौसेने लावलंय. परवा भाच्याने ब्लॉग बघितला आणि म्हणाला मामा हे सगळं काढून टाका. मजकूर चांगला असला की झालं ना, डिझाइनने काय फरक पडतो? (एक वाचक, सोलापूर)

सर, तुमचा मजकूर चांगला आहे म्हणूनच फरक पडतो. तुमची हुतात्मा बागेवरची पोस्ट मी मोबाइलवर दुपारी बाहेर उभी राहून वाचायचा प्रयत्न केला आणि उन्हात मला दाटीने बसलेली निम्मी अक्षरं वाचता येईनात, घरी येऊन पूर्ण केली. पण सगळे वाचक घरी जाऊन परत येत नाहीत, आणि आज तुमचे बहुतेक वाचक व्हॉट्सॲपवरच्या लिंकवरून मोबाइलवरच येणार.

इंग्रजी ब्लॉगच्या डिझाइनचे सल्ले नेटवर ढिगाने आहेत, पण ते जसेच्या तसे देवनागरीला चालत नाहीत. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, शिवाय एकाखाली एक बसणारी जोडाक्षरं, त्यामुळे दोन ओळींत जास्त जागा लागते. तुमच्या थीममध्ये (ब्लॉगच्या तयार साच्यात) लाइन हाइट, म्हणजे ओळीची उंची अक्षराच्या मापाच्या किती पट, ती १.२ आहे, इंग्रजीला ती जेमतेम पुरते, मराठीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. ती १.७ च्या आसपास करा आणि अक्षर १८ पिक्सेल, एवढ्या एका बदलाने पान मोकळं वाटेल. काही थीममध्ये शीर्षकाला लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, दिलेलं असतं, इंग्रजीत ते भारी दिसतं, आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटा सुटा होतो, ते शून्य करून टाका. दोन्ही कडा सरळ करायचं जस्टिफाय पण काढा, कारण मराठीत प्रत्यय जोडून जोडून शब्द 'शेजारणीकडच्यांनासुद्धा' एवढा होतो, तो मोबाइलच्या अरुंद ओळीत मावला नाही की खाली जातो आणि वरच्या ओळीत ही मोठी भगदाडं पडतात.

रंगाचं म्हणाल तर काळ्यावर पिवळा हा खरं तर कमी कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) नाही, तुमचा प्रॉब्लेम लिंकचा आहे, त्या गडद निळ्या आहेत, काळ्यावर दिसतच नाहीत. वेबच्या ॲक्सेसिबिलिटीच्या, म्हणजे पान सगळ्यांना नीट वाचता यावं यासाठीच्या, नियमांत साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट सांगितलाय, फुकट चेकर मिळतात, दोन रंगांचे कोड टाकले की उत्तर येतं. पण लांब लेखाला मला स्वतःला पांढरट पार्श्वभूमी आणि गडद करडी अक्षरंच बरी वाटतात, डोळे शिणत नाहीत. फॉन्टसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता बघा किंवा टिरो देवनागरी मराठी, दोन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत, आणि टिरोच्या या मराठी आवृत्तीत ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. शिक्षकाला हा फरक दिसणारच.

घड्याळ आणि कॅलेंडर काढा, ते मोबाइलमध्ये आहेच आणि तुमचं पान उघडायला उशीर लावतं. वाचकांचा आकडा तुम्हाला आवडतो तर खाली राहू दे की, ब्लॉग तुमचा आहे. भाच्याला एवढंच सांगा की 'सगळं काढा' म्हणजे रिव्ह्यू नव्हे, काय काढा आणि का काढा ते सांगायला पाहिजे.

ताई, मी दोहाला असते. इथल्या मराठी मंडळातल्या एका दादांचा ब्लॉग वाचते, फार सुंदर वऱ्हाडी लिहितात, पण शुद्धलेखनाच्या चुका खूप. कमेंटमध्ये सांगू का? (एक वाचक, दोहा)

कमेंटमध्ये नको, मेल करा. चारचौघांत ऱ्हस्व-दीर्घ काढलं की माणूस लिहायचाच घाबरतो. मेलमध्येही यादी पाठवू नका, एकच चूक परत परत होत असेल तर ती सांगा. तुम्ही पाठवलेल्या दोन पोस्ट मी बघितल्या, त्यात मुख्य भानगडी दोनच आहेत. एक म्हणजे अनुस्वार गळतोय, 'केलं'चं 'केल', 'मुलं'चं 'मुल', वाचताना ठेच लागते. दुसरं 'दऱ्या'च्या जागी 'दर्या' पडतंय, म्हणजे डोंगराची दरी लिहायचीय आणि समुद्र झालाय, हे बहुतेक कीबोर्डमुळे होत असणार. कीबोर्डवर नुक्ता असलेला ऱ शोधून त्याला हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि य जोडायचा की बरोबर उमटतं.

पण 'मले', 'तुले', 'कायले' याला हात लावायचा नाही, ती चूक नाही, ती त्यांची बोली आहे. साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ चे, त्यात १९७२ मध्ये भर पडली, ते प्रमाण भाषेतल्या लेखनासाठी आहेत. घरातल्या बोलण्यासारखं लिहिलेल्या वऱ्हाडी ब्लॉगला ते लावत बसलात तर तुम्हाला जे आवडलं तेच निघून जाईल.

माझ्या प्रत्येक पोस्टची लिंक नुसती 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे आकडा अशी येते, एका रिव्ह्यू करणाऱ्याने हे खटकतं म्हणून लिहिलं. काय करू? (एक वाचक, मडगाव)

शीर्षक फक्त देवनागरीत असलं की ब्लॉगर असंच करतो. पब्लिश करायच्या आधी उजवीकडच्या सेटिंगमध्ये पर्मालिंक (पोस्टचा कायमचा पत्ता) कस्टम करा आणि तिथे रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द टाका, शीर्षक मराठीच राहतं. जुन्या पोस्टचे पत्ते बदलू नका, लोकांनी शेअर केलेल्या लिंक मोडतील. वर्डप्रेसवर उलटं होतं, तिथे मराठी शीर्षक पत्त्यात येतं पण व्हॉट्सॲपवर टाकलं की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते, तिथेही 'स्लग', म्हणजे पत्त्यातला शेवटचा भाग, हाताने लिहा.

माझ्या पोस्ट नाव काढून फॉरवर्ड होतात म्हणून मी कॉपी आणि राइट क्लिक बंद केलंय. ब्लॉग वाचून दिलेल्या मतात एकीने लिहिलं की हे लॉक काढ. चोरी होऊ द्यायची का मग? (एक वाचक, डोंबिवली)

तुमचा राग मला पूर्ण कळतो, स्वतःचं लिहिलेलं 'आलेला मेसेज' म्हणून स्वतःलाच फॉरवर्ड होऊन येतं तेव्हा फार लागतं, आणि मराठीत हे रोज होतंय. पण त्या लॉकने चोर थांबत नाही, तो स्क्रीनशॉट काढतो किंवा ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट (ज्यावर हे लॉक चालतं ते) बंद करून सगळं उचलतो. अडतो तो चांगला वाचक. एखादं वाक्य आवडलं आणि तुमच्या नावासकट मैत्रिणीला पाठवायचं होतं त्याला ते करता येत नाही, एखादा शब्द अडला तर सिलेक्ट करून अर्थ बघता येत नाही. त्या रिव्ह्यू करणाऱ्या बाईंचं बरोबर आहे, लॉक काढा.

त्याऐवजी पोस्टच्या मधेच कुठेतरी स्वतःचा उल्लेख येऊ द्या, शेवटी नाव टाकलं तर पहिलं तेच कापतात. प्रत्येक पोस्टखाली 'शेअर करताना लिंकसकट करा' एवढं साध्या शब्दांत लिहा, बरेच जण माहीत नसतं म्हणून करतात. हक्काचं म्हणाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिल्याबरोबर तो तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. कुणी आख्खी पोस्ट स्वतःच्या ब्लॉगरवर टाकली असेल तर गूगलचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म आहे, त्यात तुमच्या मूळ पोस्टची लिंक आणि त्यांची लिंक द्यायची. मूळ पोस्टची तारीख तिथे उपयोगी पडते, म्हणून जुनी पोस्ट दुरुस्त करताना तिची तारीख बदलू नका.