शिकागोच्या बागेतली सिम्फनी आणि वादकांची बिदागी

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे शिकागोला गेलो होतो. एका संध्याकाळी त्याने मिलेनियम पार्कमध्ये नेलं. हिरवळीवर चटई टाकून बसलो आणि भलामोठा ऑर्केस्ट्रा मनसोक्त ऐकला. तिकीट नाही, ओळख नाही, वशिला नाही! हे केव्हापासून चालू आहे? वादकांना पैसे कोण देतं? आणि डोक्यावर तो लोखंडी पाइपांचा मांडव कशासाठी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : काका, पैशांपासूनच सुरुवात करते, कारण तुम्ही ऐकलात तो ग्रँट पार्क म्युझिक फेस्टिव्हल वादकांच्या पोटापाण्यासाठीच जन्माला आला.

मूकपटांच्या काळात पडद्याखाली बसून वाजवणाऱ्यांना रोजचं काम असे. आपल्याकडेही तबला-पेटीवाले असत. १९२७ नंतर बोलपट आले आणि अमेरिकेत हजारो वादक घरी बसले. पाठोपाठ महामंदी आली. शिकागोच्या वादक संघटनेचे अध्यक्ष तेव्हा जेम्स पेट्रिलो होते. लहानपणी स्वतः ट्रंपेट वाजवलेला, वादकाच्या मजुरीपुढे कुणाचीही भीड न ठेवणारा माणूस. ग्रँट पार्कमध्ये (तुमचा मिलेनियम पार्क हा आज त्याचाच एक कोपरा) १९३१ पासून एक अर्धगोल रंगमंच उभा होता. १९३५च्या उन्हाळ्यात तिथे रोज संध्याकाळी मैफली सुरू झाल्या. ऐकणाऱ्याला सगळं मोफत, वाजवणाऱ्याला मात्र रीतसर बिदागी. सुरुवातीला संघटनेने पदरचा पैसा घातला, पुढे शहराच्या उद्यान मंडळाने खर्च उचलला. १९४४मध्ये महोत्सवाचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा झाला, १९६२मध्ये गायकवृंद. आज उद्यान मंडळाच्या पैशाला देणगीदारांची जोड आहे, आणि पुढच्या राखीव खुर्च्यांचे पैसे घेतले जातात. मागच्या खुर्च्या आणि हिरवळ सर्वांना खुली.

याच पेट्रिलोंनी १९४२मध्ये देशभरातल्या वादकांना ध्वनिमुद्रण बंद करायला लावलं. रेडिओवर रेकॉर्ड वाजते तेव्हा वादकाच्या हाती काही पडत नाही, ही त्यांची तक्रार. दोन वर्षांहून अधिक काळ ताणून धरलं आणि रेकॉर्ड कंपन्यांना वादकांच्या निधीत पैसे भरायला लावले. तसाच एक निधी १९४८पासून मोफत मैफलींत वाजवणाऱ्यांचं मानधन देत आला आहे. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो, आणि त्याला कारण आहे. मी पेटीची साथ करते. एका उत्सवात रात्री उशिरापर्यंत वाजवून उठले, तर संयोजक म्हणाले, ‘‘ताई, कार्यक्रम विनामूल्य होता ना!’’ आणि हातात शाल-श्रीफळ ठेवलं. शेजारीच मांडववाला आणि स्पीकरवाला नोटा मोजून घेत होते. श्रोत्यांना मोफत म्हणजे साथीदारालाही मोफत, हे आपल्याकडे कुणी ठरवलं कोण जाणे. शिकागोत ते नव्वद वर्षांपूर्वीच निकालात काढलं.

आता मांडव. त्याआधी जमिनीची गोष्ट सांगायला हवी. ग्रँट पार्कच्या या जागेवर १८३६च्या नकाशातच लिहून ठेवलं होतं, की ही सार्वजनिक जागा कायम खुली राहील, कसलंही बांधकाम होणार नाही. टपालाने माल विकणारे व्यापारी माँटगोमेरी वॉर्ड यांनी त्या एका ओळीसाठी १८९० पासून वीस वर्षं कोर्टकचेऱ्या केल्या. म्हणून सरोवराकाठची ती मोक्याची जमीन बिल्डरांच्या घशात गेली नाही. पण त्यामुळे मैफलींना पक्का रंगमंच बांधणंही अवघड होऊन बसलं. १९७८मध्ये ग्रँट पार्कमधल्याच बटलर फील्ड या मैदानावर उभारलेल्या रंगमंचाला पेट्रिलोंचं नाव दिलं गेलं. तुम्ही पाहिलात तो रंगमंच म्हणजे वास्तुकार फ्रँक गेरींचा प्रित्झकर पॅव्हिलियन, २००४चा. उंची १२० फूट! तो नियमात बसावा म्हणून कागदोपत्री त्याला इमारत न म्हणता कलाकृती म्हटलं आहे.

समोर चार हजार खुर्च्या, मागे हिरवळीवर सात हजार माणसं. एवढ्या लांब आवाज पोचवायला आपण मध्ये खांब रोवून कर्णे लावले असते. इथे खांब नकोत म्हणून सहाशे फूट लांबीवर पाइपांची जाळी टाकली आणि स्पीकर तिला टांगले. तारेतून आवाज क्षणात पोचतो, हवेतून मात्र सहाशे फुटांना अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणून स्पीकर जितका मागे, तितका त्यातला आवाज मुद्दाम उशिरा सोडतात. तुम्ही अगदी शेवटी बसला असलात तरी व्हायोलिन समोरूनच ऐकू आलं असेल, डोक्यावरून नाही. हे काम मला रंगमंचाभोवतीच्या त्या चकचकीत पोलादी पाकळ्यांहूनही सुंदर वाटतं.

पुन्हा जाल तेव्हा जून ते ऑगस्टमध्ये जा, आणि जमलं तर दिवसाची तालीम गाठा. तीही खुली असते. कंडक्टर मध्येच थांबवतो, चार मात्रा पुन्हा वाजवून घेतो, कुणी पेन्सिलीने स्वरलिपीवर खूण करतं. आणि शेजारची आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत चुकवू नका. १८९३मध्ये विवेकानंद बोलले ते तिथेच.