सणांहून घरी: ओल, हलवा आणि रात्रीची गाडी

नव्याच्या सणापासून (ज्यू नववर्ष) सिम्हाथ तोरापर्यंतचे (तोरा या धर्मग्रंथाच्या वाचनाच्या सांगतेचा सण) तिश्री महिन्याचे तीन आठवडे अलिबाग, ठाणे, मुंबईच्या नातलगांत काढून गोव्यात परतणाऱ्या बेने इस्रायल (मराठी ज्यू) घरांतून आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरे वेगवेगळी असली तरी बहुतेकांच्या मुळाशी ओल आहे.

प्रश्न: सणांना ठाण्याला मामांकडे असतो. यंदा सिम्हाथ तोरा रविवारी येतो आणि सोमवारी मडगावात कामावर जायचे आहे. रविवारची गाडी घेता येईल का?
– मडगाव

उत्तर: दिवसाची नाही, रात्रीची घेता येईल. २०२६ मध्ये शेमिनी असेरेथ (सुक्कोथ या मांडवांच्या सणाला लागून येणारा सण) शनिवारी, ३ ऑक्टोबरला आणि सिम्हाथ तोरा रविवारी, ४ ऑक्टोबरला आहे. शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) आणि सण आदल्या सूर्यास्ताला सुरू होतात आणि त्यांत प्रवास करत नाहीत. म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून रविवारी चांदण्या दिसेपर्यंत प्रवास नाही. त्या सुमारास मुंबई-ठाण्याकडे सूर्य साडेसहाच्या आत मावळतो. सातनंतर हावदाला (सण संपल्याची प्रार्थना) करून निघालात तर रात्री अकराच्या सुमारास मुंबई सोडणारी कोकणकन्या ठाण्याला आरामात मिळते.

मात्र बॅगा शुक्रवारी दुपारीच भरून ठेवा. सणाच्या दिवशी सण संपल्यावरच्या कामाची तयारी करत नाहीत, आणि रविवारी सातनंतर तीन आठवड्यांचे सामान आवरायला घेतले की हमखास काहीतरी मागे राहते. राहतो तो बहुतेक वेळा चष्मा, औषध किंवा वाळत घातलेला तालीत (प्रार्थनेची शाल).

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी, सकाळी आठला उघडते. ४ ऑक्टोबरसाठी ती तारीख ५ ऑगस्ट. अलिबागहून येणाऱ्यांनी इथे विशेष जपावे: हीच गाडी पनवेलला मध्यरात्रीनंतर येते, म्हणून पनवेलहून चढणाऱ्याच्या तिकिटावर ५ ऑक्टोबर हवी. ४ तारखेचे तिकीट काढले तर ती आदल्या रात्रीची, शनिवारची गाडी होते. तुम्ही स्टेशनवर पोहोचाल तेव्हा ती केव्हाच मडगावला लागलेली असेल. आरक्षणाचे दिवस मात्र गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेवरून मोजतात. त्यामुळे पनवेलचे ५ तारखेचे तिकीटही ५ ऑगस्टलाच खुले होते.

ऑक्टोबर उजाडला तरी कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लगेच उठत नाही, गाड्या सावकाश चालतात. सोमवारी मडगावला पोहोचेपर्यंत सकाळ बरीच वर आलेली असेल. निदान अर्ध्या दिवसाची रजा टाकाच.

प्रश्न: मावशी दरवर्षी गव्हाच्या चिकाचा हलवा बांधून देते. घरी येईपर्यंत त्याला पाणी सुटते, दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. काय चुकते?
– म्हापसा

उत्तर: बहुधा हलवा कोमट असतानाच डबा बंद होतो. झाकणाखाली वाफ धरते, तिचे थेंब वड्यांवर पडतात आणि नारळाचे दूध त्या ओलीतच आंबते. हलवा थाळीत थापल्यावर सहा ते आठ तास उघडा, जाळीखाली निवू द्या. मगच वड्या कापा.

दुसरी शक्यता म्हणजे हलवा कमी आटलेला असणे. कडा सुटल्या म्हणजे झाला असे नाही. चमचाभर हलवा ताटलीत निववून बोटाने दाबा. बोटाला चिकटला किंवा ठसा ओलसर दिसला तर अजून ढवळायला हवा. गव्हाचा चीक पुरता शिजला नाही की पाणी धरून ठेवत नाही.

डबा उथळ घ्या, दोन थरांपेक्षा जास्त रचू नका, थरांमध्ये बटर पेपर घाला. गाडीत डबा तुमच्या बर्थवर उशाशी ठेवा. बर्थखाली बॅगांच्या दाबाने वड्या एकमेकींत बसतात. घरी आल्यावर डबा थेट फ्रीजमध्ये जाऊ द्या आणि आठवड्याच्या आत संपवा. फ्रीझरमध्ये अजिबात नको: चिकातले पाणी वेगळे होते आणि वितळल्यावर हलवा रवाळ, पाणचट लागतो. फ्रीजमधली वडी कडक वाटली तर अर्धा तास बाहेर ठेवली की पुरते.

प्रश्न: तीन आठवडे बंद असलेले घर उघडले की भिंती, कपाट, पुस्तके सगळीकडे बुरशी. आधी काय करावे?
– फोंडा

उत्तर: आधी खिडक्या. गॅसचा जरासाही वास आला तर दिवा, पंखा काहीच लावू नका, सिलिंडर बंद करून बाहेर या. वास नसला तरी पहिला तासभर पंखा नको. कोरड्या बुरशीची भुकटी पंख्याने घरभर पसरते, आणि दमेकऱ्यांना तीच बाधते.

नाकाला मास्क बांधा. लाकडावरची बुरशी झाडू नका, पांढऱ्या व्हिनेगरने ओलसर केलेल्या फडक्याने टिपून घ्या. फडके पुन्हा पुन्हा धुवा, मग लाकूड वाळू द्या. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. प्रार्थनेची पुस्तके उन्हात टाकू नका, कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. सावलीत पाने फाकवून उभी ठेवा आणि पूर्ण वाळल्यावर घराबाहेर मऊ ब्रशने झटका.

पुढच्या वेळी निघताना फ्रीज रिकामा करून बंद करा आणि दारात गुंडाळलेला टॉवेल अडकवून फट ठेवा. बंद फ्रीजचे मिटलेले दार म्हणजे बुरशीला आमंत्रण.

तुम्ही विचारले नाही, पण दारावरच्या मेझुझाकडे (चौकटीवर लावलेले, डबीतले धर्मवचनांचे चर्मपत्र) नक्की पाहा. चर्मपत्राला पावसाची झड आणि दमट हवा दोन्ही सोसत नाहीत: शाई सुटते, अक्षरे तडकतात, आणि एक अक्षर गेले तरी मेझुझा बाद होतो. घराच्या मेझुझाची तपासणी सात वर्षांत दोनदा करावी असा नियम आहे. गोव्याच्या हवेत पश्चिमेकडच्या दारासाठी ती दरवर्षी करणे शहाणपणाचे. गंजणारा पत्र्याचा डबा बदलून दोन्ही टोके घट्ट बसणारी काचेची किंवा प्लास्टिकची नळी घ्या. चर्मपत्र कोरड्या दिवशी, कोरड्या हातांनी आत घाला. डाग दिसला तर स्वतः पुसू नका. पुढच्या फेरीला हजानांना (प्रार्थना चालवणाऱ्यांना) दाखवायला न्या.

प्रश्न: तालीत आणि शोफार (सणाला फुंकायचे शिंग) प्रवासात कसे सांभाळावे?
– वास्को

उत्तर: तालीत घामाने ओला असेल तर सावलीत वाऱ्यावर दोन-तीन तास ठेवून मग घडी घाला. पिशवी सुती हवी, प्लास्टिकची नको. धुवायचा असेल तर चारही कोपऱ्यांचे सिसिथ (धाग्यांचे गोंडे) वेगवेगळ्या लहान पुरचुंडीत बांधा, थंड पाण्यात सौम्य द्रवसाबणाने हाताने धुवा आणि पिळू नका. मशीनमध्ये धागे गुंततात, तुटतात.

शोफारात फुंकल्यानंतर ओल राहते, वास त्याचाच येतो. एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी आत खळबळून ओता, तोंड खाली करून सावलीत वाळवा. उन्हात किंवा तापलेल्या गाडीच्या काचेपाशी ठेवू नका. शिंग उभे तडकले की शोफार निकामी झाला.

प्रश्न: सुक्कोथ संपल्यावर एथ्रोग, लुलाव (वाळुंजीच्या डहाळ्यांसह बांधलेली खजुरीची झावळी) टाकून द्यावेत का?
– डिचोली

उत्तर: कचऱ्यात टाकू नयेत. होशाना रब्बा (सुक्कोथचा शेवटचा दिवस) यंदा शुक्रवारी, २ ऑक्टोबरला, त्या दिवशी त्यांचे काम संपते आणि बॅगही तेव्हाच भरायची आहे. लुलाव वाळवून ठेवा, पेसाहच्या (वल्हांडण सणाच्या) आधी खमीर जाळताना उपयोगी पडतो. वाळुंजीच्या डहाळ्या आधी काढा, त्या सर्वांत लवकर कुजतात. एथ्रोग, म्हणजे आपले महाळुंग, कोरड्या फडक्यात गुंडाळून भोके असलेल्या डब्यात न्या. घरी लवंगा टोचून हावदालाच्या सुगंधासाठी ठेवता येतो. मुरंबा करायचा तर बागेत फवारणी झाली होती का ते विचारा. सणासाठी वाढवलेल्या फळांवर ती खूप असते, आणि अशा सालीचा मुरंबा नकोच.

प्रश्न: सुखरूप परतल्याबद्दल मलिदा (आभारासाठी मांडायचे गोड पोह्यांचे ताट) करायचा आहे. तिकडूनच करून आणला तर?
– मडगाव

उत्तर: आणू नका. भिजलेले पोहे आणि ओले खोबरे रात्रभराच्या प्रवासात आंबतात. घरीच करा, अर्ध्या तासाचे काम आहे. आठ-दहा जणांना अर्धा किलो जाडे पोहे, एक नारळ, सुमारे २०० ग्रॅम साखर, वेलची, बदाम-पिस्ते. पोहे चाळणीत धुऊन दहा मिनिटे तसेच ठेवा. पातळ पोह्यांचा लगदा होतो. खोबरे आणि साखर शेवटी मिसळा, आधी घातली तर पाणी सुटते. ताटाभोवती पाच फळे मांडताना खजुरासारखे झाडाचे फळ आणि केळे दोन्ही असू द्या. केळ्याला भूमीच्या फळाचा आशीर्वाद म्हणतात, तो वेगळा. एलियाहू हन्नाबीचे (संदेष्टा एलियाचे) गीत झाल्यावर ताट लगेच वाटून टाका.