मालक घर विकतो आहे. गिऱ्हाइकांना दार उघडावेच लागेल का?

आपले पत्र वाचले. कोथरूडमधील सदनिका आपण ३६ महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर (यात भाडेकरूचा हक्क नव्हे, तर जागा वापरण्याची केवळ परवानगी, म्हणजे लायसन्स, मिळते) घेतली असून त्यांपैकी पहिले २४ महिने दोन्ही बाजूंना लॉक-इनचे, म्हणजे करार मध्येच न मोडण्याचे, आहेत. अकराव्या महिन्यातच मालकांनी घर विक्रीला काढले आणि तेव्हापासून न कळवता गिऱ्हाइके येऊ लागली. गेल्या आठवड्यात तर आपण कामावर असताना मालकांकडच्या जादा किल्लीने एजंट आत शिरला, त्याने कपाटे उघडून दाखवली आणि मुलांच्या खोलीचे मोबाइलवर चित्रीकरण केले. हरकत घेताच 'सहकार्य केले नाहीत तर डिपॉझिटमधून कापून घेऊ' असे उत्तर आले. गिऱ्हाइकांना घर दाखवणे बंधनकारक आहे का आणि कुलूप बदलता येईल का, असे आपण विचारता.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २८ नुसार, भाड्याने किंवा लायसन्सवर दिलेल्या जागेची पाहणी मालकाला वाजवी वेळी आणि पूर्वसूचना देऊन करता येते. या कलमात संभाव्य खरेदीदारांचा उल्लेख नाही. जागा नीट वापरली जाते आहे की नाही हे मालकाला पाहता यावे, असा त्याचा रोख आहे. मात्र बहुतेक करारांत 'मालक किंवा त्यांचा अधिकृत प्रतिनिधी' यांना पाहणीची मुभा देणारे कलम असते आणि त्याच्या आधारे मालकांचा वकील वेगळा युक्तिवाद करू शकेल, म्हणून प्रथम आपल्या करारातील तो मजकूर शब्दशः वाचा. मजकूर काहीही असला तरी न कळवता, आपल्या गैरहजेरीत, किल्ली एजंटच्या हाती देऊन घर उघडणे ही वाजवी वेळी सूचना देऊन केलेली पाहणी ठरत नाही. डिपॉझिटमधूनही करारात लिहिलेल्या कारणांसाठीच, म्हणजे सामान्यतः थकबाकी, बिले आणि मोडतोड यांसाठीच, रक्कम कापता येते.

असे असले तरी दार बंद करून बसण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण आपला खरा धोका रविवारच्या गिऱ्हाइकांत नसून प्रत्यक्ष विक्रीत आहे. आपण कायद्याच्या अर्थाने भाडेकरू असता, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०९ नुसार नवा मालक जुन्याच्या जागी आला असता. लायसन्सचे तसे नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चे कलम ५९ सांगते की मालमत्ता घेणारा केवळ खरेदीदार या नात्याने आधीच्या लायसन्सने बांधला जात नाही. म्हणजे ज्या लॉक-इनच्या भरवशावर आपण निश्चिंत आहात, ते नव्या मालकावर लादता येईलच असे नाही. त्यालाही आपले सामान रस्त्यावर टाकता येणार नाही, कारण कलम ६३ नुसार घर सोडण्यासाठी वाजवी मुदत मिळते. आपली चूक नसताना मुदतीपूर्वी बाहेर पडावे लागल्यास कलम ६४ च्या आधारे मूळ मालकांकडून भरपाई मागता येते; पण घर विकून पैसे घेतलेल्या माणसामागे दाव्यासाठी धावणे किती सुखाचे असते, हे न्यायालयाच्या व्हरांड्यात उभे राहिल्यावरच कळते.

तेव्हा घर दाखवण्याची परवानगी हीच आज आपल्या हातातील किंमत आहे. ती फुकट देऊ नका आणि नाकारूही नका. मालकांना ई-मेलने कळवा की आठवड्यातून दोन ठरलेल्या वेळी, किमान २४ तास आधी सूचना मिळाल्यास आणि आपल्या उपस्थितीतच घर दाखवता येईल, चित्रीकरण करता येणार नाही आणि जादा किल्ली परत करावी. त्याच पत्रात मागणी करा की विक्री झाल्यास उरलेली मुदत खरेदीदाराने मान्य केल्याचे तिघांच्या सहीचे लेखी पत्र खरेदीखतापूर्वी द्यावे, आणि ते शक्य नसेल तर घर सोडण्यासाठी निश्चित मुदत व ठरावीक भरपाई लिहून द्यावी. डिपॉझिट परत करण्याची जबाबदारी कोणावर, आणि विक्रीनंतर मासिक रक्कम कोणाच्या खात्यावर भरायची, हेही त्यात यायला हवे. हे दोन मुद्दे हमखास राहून जातात आणि मग खरेदीदार 'डिपॉझिट माझ्याकडे आलेच नाही' म्हणून मोकळा होतो.

कुलपाबाबत थोडे सबुरीने घ्यावे. लायसन्समध्ये जागेचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहिल्याचे करारात लिहिलेले असते, त्यामुळे गुपचूप कुलूप बदलले तर उलट आपल्यावरच करारभंगाचा आरोप येईल. किल्ली लेखी मागा. ती न मिळाल्यास 'सुरक्षेसाठी स्वखर्चाने जादा कुलूप लावत आहे, सोडताना काढून देईन' असे कळवून मगच लावा. एजंट पुन्हा परस्पर आत शिरला तर तारीख, वेळ आणि सोसायटीच्या सीसीटीव्हीचा तपशील देऊन पोलिसांत लेखी तक्रार करा व तिची पोच घ्या. 'हा दिवाणी वाद आहे' असे ऐकायला मिळण्याची शक्यता आहे, पण ती पोच पुढे न्यायालयातून मनाई हुकूम मागताना उपयोगी पडते.

या सगळ्या काळात मासिक रक्कम एक दिवसही थकवू नका, आणि मुदत संपल्यावर रागापोटी घर अडवून बसू नका. मुदतीनंतर राहिल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ नुसार दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.