वाचकांचे प्रश्न : हळू लॅपटॉपला हलका अँटिव्हायरस

प्रश्न : लॅपटॉप सहा वर्षांचा आहे. सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. घेतला तेव्हा चाचणीचा एक अँटिव्हायरस सोबत आला होता, त्याची मुदत केव्हाच संपली. मग पुतण्याने दुसरा एक मोफत अँटिव्हायरस टाकून दिला. आता चालू व्हायलाच दहा मिनिटे लागतात. आमच्या अहिराणीत सांगायचे तर ‘हायूहायू चालस’. सगळ्यात हलका अँटिव्हायरस कोणता टाकू?
– एक किराणा दुकानदार, अमळनेर

उत्तर : नवा टाकू नका. आहेत ते दोन्ही काढा.

विंडोज ८ पासून पुढे विंडोजमध्येच अँटिव्हायरस असतो, त्याचे नाव डिफेंडर. बाहेरचा अँटिव्हायरस बसला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो. बाहेरचे दोन बसले तर मात्र दोघांपैकी कोणीच मागे हटत नाही. तुम्ही एखादे बिल उघडले की ती फाइल पहिला तपासतो, दुसराही तपासतो, आणि एकाने लिहिलेल्या तात्पुरत्या फाइली दुसरा पुन्हा चाळतो. मुदत संपलेला अँटिव्हायरसही मागे चालूच असतो. नवीन व्हायरसांची यादी त्याला मिळत नाही एवढेच. रॅम तो पूर्वीइतकीच खातो.

काढण्याचा क्रम असा. सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्समध्ये जाऊन आधी मुदत संपलेला काढा आणि लॅपटॉप रिस्टार्ट करा. मग दुसरा काढा, पुन्हा रिस्टार्ट. काढताना ‘सवलतीत नूतनीकरण करा’ असली खिडकी आली तर बंद करून पुढे जा. एखादा निघतच नसेल तर जवळपास प्रत्येक कंपनी आपल्या संकेतस्थळावर काढून टाकण्याचे वेगळे छोटे टूल देते. ते उतरवून घ्या आणि शक्यतो सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त अत्यावश्यक भागांसह चालू होते ती स्थिती) चालवा. नंतर विंडोज सिक्युरिटी उघडा, डाव्या कोपऱ्यातल्या सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ बघा. अँटिव्हायरसखाली फक्त मायक्रोसॉफ्ट डिफेंडर दिसला म्हणजे काम झाले. तिथे जुने नाव अजून दिसत असेल तर सफाई अर्धवट राहिली आहे.

डिफेंडर साधारण दीडशे ते अडीचशे एमबी रॅम घेतो. ४ जीबीच्या लॅपटॉपला हे फुकट नाही, पण बाहेरच्या मोफत अँटिव्हायरससोबत व्हीपीएन, क्लीनर, ड्रायव्हर अपडेटर अशी वरात येते, तिच्यापेक्षा नक्कीच हलके. त्या मोफतवाल्यांत निवड करायलाही फार वाव नाही : अवास्ट, एव्हीजी, अविरा आणि नॉर्टन ही चारही नावे आता जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत. पुण्याच्या क्विक हीलचा किंवा दुसरा एखादा परवाना पैसे देऊन घ्यायचाच असेल, तर सगळे भाग बसवू नका. फाइल तपासणारा आणि संशयास्पद वर्तन ओळखणारा भाग ठेवा, ट्यूनअप वगैरे सोडा.

आता कडू गोष्ट. एवढे करूनही लॅपटॉप चालू व्हायला तीन-चार मिनिटे लागलीच, तर दोष अँटिव्हायरसचा नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना बघा. काही न करता तो १०० टक्क्यांवर अडकून राहत असेल तर फिरती हार्ड डिस्कच कमी पडते आहे. २४० किंवा २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा आणि रॅमची खाच मोकळी असेल तर आणखी ४ जीबी टाका. जुनी डिस्क बाहेरच्या केसमध्ये घालून बॅकअपला वापरता येते. अँटिव्हायरस बदलत बसण्यापेक्षा हा खर्च शंभर पटीने कामी येतो.

विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे मोफत अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती संगणकाला सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पण त्यासाठी विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणी करावी लागते. डिफेंडरच्या व्हायरस-याद्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील. याद्या येतात म्हणजे विंडोजमधली सुरक्षेची भोके बुजली असे मात्र समजू नका. ती दोन वेगळी कामे आहेत.

प्रश्न : केळीच्या आडतीचा हिशेब लॅपटॉपवर आहे. दुपारी ऐन बिले करताना ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ नावाचे काहीतरी चालू होते आणि सगळे थिजते. ते बंद करता येईल का?
– एक व्यापारी, रावेर

उत्तर : ते डिफेंडरचेच इंजिन आहे. बंद करू नका, त्याची वेळ बदला. स्टार्टमध्ये टास्क शेड्युलर शोधा. लायब्ररी, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोज डिफेंडर या क्रमाने आत जा आणि ‘विंडोज डिफेंडर शेड्युल्ड स्कॅन’वर दोनदा क्लिक करा. ट्रिगर्समध्ये (स्कॅन कधी सुरू व्हावा ते ठरवणारा भाग) नवा आठवडी ट्रिगर घाला. ज्या वेळी लॅपटॉप चालू असतो पण काम नसते, अशी वेळ निवडा. सकाळी दुकान उघडल्यावर चहाची वेळ चालेल. कंडिशन्समध्ये ‘विजेवर असेल तरच’ ही खूण ठेवा, म्हणजे लोडशेडिंगमध्ये बॅटरी त्यात जाणार नाही. दर आठवड्याला क्विक स्कॅन पुरतो. फुल स्कॅन १ टीबीच्या डिस्कवर काही तास चालतो, तो महिन्यातून एकदा रात्री लावा.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा ज्या फोल्डरमध्ये आहे, तो व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमधल्या मॅनेज सेटिंग्जमध्ये जाऊन एक्सक्लूजन्समध्ये, म्हणजे न तपासायच्या गोष्टींच्या यादीत, टाका. फक्त डेटाचा फोल्डर. अख्खा सी ड्राइव्ह टाकणारेही असतात, आणि मग अँटिव्हायरस नुसता शोभेला उरतो. ती यादी उघडलीच आहे तर तुम्ही न घातलेले काही तिथे आहे का तेही बघा. क्रॅक केलेले (परवाना फोडून फुकट चालवलेले) सॉफ्टवेअर बसवून देणारे गुपचूप तिथे नोंद करून जातात. अशी नोंद सापडली तर ती काढा, क्रॅकही काढा आणि डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. लॅपटॉप रिस्टार्ट होऊन साधारण पंधरा मिनिटांत तो संपतो, म्हणून आधी उघडी बिले सेव्ह करा.

दुपारीच का थिजते, याचे अर्धे उत्तर हवेत आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ च्या घरात जातो. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला वेग उतरवतो, त्यात स्कॅन चालू झाला की संपलेच. लॅपटॉप गादीवर किंवा गोणीवर ठेवू नका. पंख्याच्या जाळीत धूळ बसते, जिनिंगच्या आसपास तर कापसाचे तंतू नमद्यासारखे थापले जातात. लॅपटॉप पूर्ण बंद करून, पंख्याची पाती काडीने अडवून ब्लोअर मारा. पाती मोकळी सोडली तर भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग खराब होते.

प्रश्न : झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्ह आणला, आता सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झाले आहेत. प्रकल्पाच्या फाइली गेल्या का?
– एक विद्यार्थिनी, शहादा

उत्तर : बहुधा गेल्या नाहीत, लपवल्या आहेत. शॉर्टकटवर क्लिक करू नका. क्लिक केले की फोल्डर उघडतो, पण त्याआधी व्हायरसची स्क्रिप्ट चालते, म्हणूनच कोणाला संशय येत नाही. डिफेंडर अपडेट करा, पेन ड्राइव्हवर राइट क्लिक करून स्कॅन करा. मग फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये लपलेल्या फाइली आणि फाइलींची एक्स्टेन्शन्स (नावापुढची शेपटी) दाखवायला सांगा, आणि ऑप्शन्समध्ये ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ची खूण काढा. आता खरे फोल्डर फिकट दिसतील. फोल्डर उचलून आणू नका, कारण ‘लपलेला’ हा शिक्का त्याच्यासोबतच येतो. लॅपटॉपवर नवा फोल्डर करून आतल्या फाइली तेवढ्या त्यात घ्या. वर्ड, पीडीएफ, फोटो घ्या. व्हीबीएस, जेएस, ईएक्सई आणि एलएनके शेपटीच्या फाइली तिथेच मरू द्या. शेवटी पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. पुढच्या वेळी छपाईपुरता वेगळा पेन ड्राइव्ह ठेवा, त्यात फक्त पीडीएफ.

प्रश्न : विंडोज ७, २ जीबी रॅम. कोणता अँटिव्हायरस?
– एक निवृत्त वाचक, धुळे

उत्तर : कोणताही नको. विंडोज ७ चा नेहमीचा आधार जानेवारी २०२० मध्येच संपला, आणि क्रोमही तिथे १०९ व्या आवृत्तीवर थांबले. त्यावर बँकेचे काम करू नका. प्रोसेसर ६४ बिटचा असेल तर लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेन ड्राइव्हवरून चालवून बघा. २ जीबीत ती कशीबशी चालते, ४ जीबीत नीट चालते. मराठी टायपिंग आणि छपाई यंत्र आधी तपासा, मगच डिस्कवर बसवा.

प्रश्न : कोपऱ्यात सारखे येते, ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस’. स्कॅनमध्ये काहीच सापडत नाही.
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : ती जाहिरात आहे. कधीतरी एखाद्या साइटवर ‘अलाऊ’ दाबले गेले. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असे जा. परवानगी दिलेल्यांच्या यादीतली अनोळखी नावे काढून टाका. त्या खिडकीतला फोन नंबर लावू नका.