उत्तर: ख्यालाच्या मास्टरिंगमध्ये विलंबित बारीक का वाटतो आणि तानपुरा धापा का टाकतो

आपला प्रश्न दोनदा वाचला आणि सोबत दिलेले आकडे कागदावर मांडून पाहिले. अडचण मला समजली ती अशी. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या राहत्या घरी आपण गुरुजींचा यमन मुद्रित केला: सुरुवातीला चाळीसेक सेकंद नुसता तानपुरा, मग २२ मिनिटे तिलवाडा तालातला बडा ख्याल (विलंबित, म्हणजे संथ लयीतला) आणि ११ मिनिटे तीनतालातला छोटा ख्याल (द्रुत, म्हणजे जलद लयीतला). मिक्स करून यूट्यूबवर चढवल्यावर ऐकणाऱ्यांनी ‘आवाज फार बारीक येतो’ अशी तक्रार केली. मीटरवर संपूर्ण फाइल उणे १७.६ लफ्स दाखवत होती (लफ्स हे आवाजाच्या सरासरी मोठेपणाचे माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा). मग एका मित्राने शेवटच्या लिमिटरमधून, म्हणजे ठरल्या मर्यादेवर शिखरे दाबणाऱ्या साधनातून, ती उणे १० पर्यंत ढकलून दिली. आता तानपुरा धापा टाकतो, तबल्याची ‘ना’ पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखी वाजते आणि तरीही लोक म्हणतात की सुरुवात बारीकच आहे. ‘नेमका कोणता आकडा बरोबर?’ असे आपण विचारले आहे. माझ्या मते इथे आकडा निवडण्यात चूक झालेली नाही. फेडरने, म्हणजे ट्रॅकचा आवाज हाताने कमी-जास्त करायच्या पट्टीने, करायचे काम लिमिटरवर टाकण्यात झाली आहे.

लफ्स हे माप ज्या शिफारशीवर उभे आहे ती आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची बीएस १७७० ही शिफारस २००६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. पुढे २०१० मध्ये युरोपातल्या प्रसारणसंस्थांनी तिच्या आधारे आर १२८ ही शिफारस काढून कार्यक्रमांसाठी उणे २३ ही पातळी ठरवली. गाणी ऐकवणाऱ्या सेवांनी याच मापाचा आधार घेतला, पण पातळी वर ठेवली: यूट्यूब आणि स्पॉटिफाय उणे १४ च्या आसपास, ॲपल म्युझिक उणे १६. हे मीटर फाइलचे ४०० मिलिसेकंदांचे तुकडे पाडते, कानाच्या स्वभावाला धरून वरच्या कंप्रतांना थोडे अधिक वजन देते आणि त्या तुकड्यांच्या ऊर्जेची सरासरी काढते. ऊर्जेची सरासरी म्हणजे डेसिबलांची सरासरी नव्हे, आणि ख्यालासारख्या गायनात नेमका इथेच घोटाळा होतो.

आपलेच आकडे घेऊ. बडा ख्याल सरासरी उणे २२ वर आहे आणि छोटा ख्याल उणे १४ वर. वेळ दोनास एक या प्रमाणात असूनही एकूण उत्तर उणे १९-२० न येता उणे १७.६ येते, कारण द्रुताच्या ११ मिनिटांत विलंबिताच्या २२ मिनिटांच्या तिपटीहून अधिक ऊर्जा आहे. सुरुवातीचा नुसता तानपुरा तर हिशेबात धरलाच जात नाही. सरासरीच्या १० डेसिबल खालचे तुकडे मीटर गाळून टाकते आणि आपला तानपुरा उणे ३४ वर आहे. म्हणजे एकूण आकडा मुख्यतः शेवटच्या अकरा मिनिटांचा आहे, तर ऐकणारा फोनचा आवाज पहिल्या दोन मिनिटांत ठरवतो. ‘बारीक येतो’ असे लिहिणाऱ्यांपैकी द्रुतापर्यंत किती जण पोहोचले असतील, हे आपण जाणताच.

आता मित्राने केलेल्या मास्टरचे काय झाले ते पाहू. फाइल उणे १७.६ वरून उणे १० वर नेण्यासाठी त्याला सुमारे ८ डेसिबल ढकलावे लागले. त्यामुळे विलंबित उणे १४ वर गेला आणि द्रुत उणे ६ वर. यूट्यूब उणे १४ हून मोठी फाइल खाली आणते आणि लहान फाइल मात्र वर उचलत नाही. म्हणून यूट्यूबने सरळ ४ डेसिबल कापले आणि ऐकणाऱ्यापर्यंत विलंबित उणे १८ वर, द्रुत उणे १० वर पोहोचला. हे स्वतः पाहायचे असेल तर संगणकावर चालू व्हिडिओवर उजवी क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. तिथे आवाजासमोर १०० टक्क्यांच्या जोडीला ६३ टक्के आणि कंसात सुमारे ४ डेसिबल असे काहीसे दिसेल. तो कापलेला भाग आहे. दोन ख्यालांमधले अंतर पूर्वीही ८ डेसिबल होते, आताही ८ डेसिबलच आहे. फरक एवढाच झाला की द्रुतात शिखर आणि सरासरी यांच्यात पूर्वी १३ डेसिबलांची मोकळीक होती, ती ५ वर आली. तबल्याची ‘ना’ त्या मोकळिकीतच राहत होती.

धापा टाकणाऱ्या तानपुऱ्याचे कारणही हेच आहे. लिमिटरला तबला आणि तानपुरा वेगळे ओळखता येत नाहीत. शिखर मर्यादेपलीकडे गेले की तो सगळा आवाज एकदम खाली ओढतो आणि काही क्षणांत पुन्हा सोडतो. आपल्या विलंबितात समेची ‘धा’ उणे ५ पर्यंत जाते असे आपण लिहिले आहे. ८ डेसिबल ढकलल्यावर ती ३ वर गेली असती, तिला उणे १ वर थांबवायचे तर तिथे ४ डेसिबल ओढ लागते. त्या ओढीत तानपुराही ४ डेसिबल खाली जातो आणि मग हळूच वर येतो. द्रुतात आघात इतके जवळ असतात की हे झाकले जाते, पण तिलवाड्यात दोन मात्रांमध्ये दीड-दोन सेकंद रिकामे असतात आणि त्या रिकाम्या जागेत तानपुऱ्याखेरीज ऐकायला काहीच नसते. (आपल्या ग्वाल्हेर घराण्याचा विलंबित तसा मध्यलयीकडे झुकणारा, अतिविलंबित झुमरा तालात हे याहून उघडे पडले असते.)

मी स्वतः हे करून बसलो आहे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका घरगुती बैठकीचे मुद्रण मी असेच ‘दणदणीत’ करून दिले होते आणि मनातून खूष होतो. ज्यांच्या घरची बैठक होती त्या आजींनी दोन आवर्तने ऐकली आणि विचारले, “अरे, तानपुरा मागे कुणी उघड-बंद करतंय का?” त्यांना लिमिटर म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. कुठल्याही मीटरआधी अशा एका कानाला ऐकवावे हे मी तेव्हापासून पाळतो.

मग करायचे काय? लिमिटर तात्पुरता काढून ठेवा आणि मूळ मिक्स उघडा. गुरुजींचा आवाज, हार्मोनियम आणि तबला हे तिन्ही एका गटात घ्या आणि बड्या ख्यालाच्या पहिल्या उच्चारापासून त्या गटाचा फेडर ३ डेसिबल वर ठेवा. विलंबिताची शेवटची दोन मिनिटे, म्हणजे बंदिशीच्या शब्दांवरच्या बोल-ताना संपून सपाट तानांना सुरुवात होते तिथपासून, हा फेडर हळूहळू मूळ जागी आणा. दर मिनिटाला दीड डेसिबल हा उतार इतका मंद असतो की तो कुणाच्या लक्षात येत नाही, कारण गुरुजींचा आवाज त्याच वेळी तार सप्तकाकडे चढत असतो आणि उतार त्या चढात मिसळून जातो. तानपुऱ्याचा ट्रॅक या गटात घेऊ नका. तो आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखा हवा. श्रोता नकळत त्यालाच जमीन मानून बाकीचे मोजत असतो. गायनाच्या माइकमध्ये तानपुरा झिरपला असेलच, पण इतक्या सावकाश बदलात ते झिरपणे उघडे पडत नाही. सुरुवातीचा नुसता तानपुरा अगदीच अंधुक वाटत असेल तर तो पूर्णच ट्रॅक दोनएक डेसिबल वर घ्या, फक्त चाळीस सेकंदांपुरता नको.

याचा हिशेब असा: विलंबित उणे १९ वर येतो, द्रुत उणे १४ वरच राहतो आणि एकूण आकडा उणे १७.६ वरून जेमतेम उणे १६.६ होतो. मीटर पाहणाऱ्याला एक डेसिबल म्हणजे काहीच केले नाही असे वाटेल. पण ऐकणाऱ्याला पहिल्या मिनिटात तीन डेसिबल अधिक मिळतात. मित्राच्या मास्टरमध्ये विलंबित उणे १८ वर पोहोचत होता, आपला उणे १९ वर पोहोचेल. म्हणजे इतकी मोडतोड करून त्याने मिळवले ते एका डेसिबलाचे अंतर. शिवाय विलंबित-द्रुतातले अंतर ८ ऐवजी ५ होते, त्यामुळे आलापासाठी फोन मोठा केलेल्या माणसाला छोटा ख्याल सुरू होताच दचकावे लागत नाही. हे अंतर शून्यावर आणण्याचा मोह मात्र टाळा. ग्वाल्हेर गायकीत बंदिश भरत जाते ती आवाजाच्या चढानेही भरते. तो चढ सपाट केला तर गुरुजींनी अर्धा तास उगाच मेहनत केली असे होईल.

यानंतर एक-दोन डेसिबल आणखी हवे असतील तर तेही मास्टरवर न मागता तबल्याच्या ट्रॅकवर मागावे. द्रुतातली शिखरे बहुतेक सगळी दायाँची, म्हणजे उजव्या हाताच्या तबल्याची, असणार. केवळ त्या ट्रॅकवर जलद लिमिटर लावून सर्वांत उंच आघात दोन-तीन डेसिबल खाली घेतले तर कानाला फारसे कळत नाही आणि तानपुरा, आवाज यांना धक्का लागत नाही. मग शेवटच्या लिमिटरला क्वचित एखाद्या समेला एक-दीड डेसिबल ओढावे लागेल, तेवढे चालते. त्याची मर्यादा उणे १ ठेवा आणि ‘ट्रू पीक’चा पर्याय चालू ठेवा, कारण दोन नमुन्यांच्या मधून जाणारी लाट नमुन्यांपेक्षा उंच असू शकते आणि फाइल एएसी या आकुंचित स्वरूपात रूपांतरित होताना शिखरे आणखी थोडी उसळतात. या सगळ्यानंतर आपली फाइल उणे १५.५ ते उणे १६ च्या दरम्यान थांबेल. तिथेच थांबू द्या.

फिल्टरबद्दल आपण ओझरते विचारले आहे, पण त्यावर जरा थांबतो, कारण ‘८० हर्ट्झखालचे सगळे कापा’ हा सल्ला जिकडेतिकडे दिला जातो. गुरुजी काळी एकमध्ये गातात, म्हणजे मध्य षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झवर आला आणि तानपुऱ्याचा खर्ज त्याच्या निम्म्यावर, ६९.३ वर. ८० वर तीव्र फिल्टर लावला तर खर्जाचा मूळ स्वरच जाईल, आणि बायाँच्या (डग्ग्याच्या) घुमाऱ्याचा खालचा भागही. उलट ३०-३५ हर्ट्झखाली पंख्याची घरघर आणि रस्त्यावरच्या ट्रकची थरथर असते. लफ्सच्या हिशेबात तिला फारसे वजन नसते, पण शिखराची जागा ती खाऊन टाकते. तेवढी कापलीत तर बऱ्याचदा अर्धा-एक डेसिबल फुकट मिळतो. फोनच्या स्पीकरवर ६९ हर्ट्झ वाजतच नाही, हे खरे. तिथे खर्ज ऐकू येतो तो जवारीतून, म्हणजे तारांखालच्या घोडीच्या घडणीतून, उठणाऱ्या वरच्या स्वरांशांमुळे. म्हणून फोनवर तानपुरा ऐकू यावा यासाठी तो मोठा करण्याऐवजी ३ हजार हर्ट्झच्या आसपास किंचित उजळ करणे बरे. मात्र मीटर याच भागाला अधिक वजन देते, त्यामुळे फार उजळ केलात तर आकडा वाढतो आणि गाण्यासाठीची जागा कमी होते.

हे निर्णय कोणत्या आवाजात ऐकून घेतले जातात यालाही महत्त्व आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज लहान असताना कानाला खालचे स्वर मधल्या स्वरांच्या मानाने फारच कमी ऐकू येतात. रात्री घरचे झोपल्यावर हळू आवाजात मिक्स केले की बायाँ कमी वाटतो, आपण तो वाढवतो आणि सकाळी तो घुमतो. स्पीकरच्या बटणावर एक खूण करून रोज त्याच खुणेवर ऐका. आणि जुने-नवे मास्टर ताडून पाहताना दोन्हींची पातळी आधी सारखी करा. एक डेसिबल मोठे असलेले नेहमी ‘छान’ वाटते, त्याला आपण सगळेच फसतो.

फाइलचे दोन तुकडे करून दोन्ही ख्याल वेगवेगळे चढवावेत का, असेही आपण विचारले आहे. स्पॉटिफाय शिखराला जागा असेल तेवढे लहान आवाजाचे गाणे वर उचलते, म्हणून एकट्या विलंबिताला, समेची शिखरे उणे ५ वर धरली तर, ४ डेसिबल मिळून तो उणे १८ वर येईल. पण सलग अल्बम म्हणून ऐकताना ती सेवा सर्व गाण्यांना एकच वाढ देते, म्हणजे तिथे फेडरचे काम उरतेच. आणि यमनाची बैठक मधोमध कापायला माझे मन धजत नाही. पण हा निर्णय गुरुजींचा.

तक्रार करणाऱ्यांची बाजूही मला समजते. आपल्या ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावरच्या गर्दीत टेम्पोत बसून कानात बोंडे घालून ऐकणाऱ्याला उणे १९ चा आलाप पुरणार नाही, कारण भोवतीच्या हॉर्नखाली काहीच टिकत नाही. त्यासाठी वाटल्यास वेगळा, दहा मिनिटांचा उतारा करा आणि त्यात विलंबित आणखी दोन डेसिबल वर घ्या. पूर्ण बैठकीची फाइल त्या गर्दीच्या हिशेबाने करू नका. लिमिटर न लावलेली २४ बिटांची मूळ मिक्स वेगळी जपून ठेवा. सीडीसाठी १६ बिट करायची वेळ आली तर अगदी शेवटच्या टप्प्यावर एकदाच डिदर (बिट कमी करताना होणारी विकृती झाकणारा अतिसूक्ष्म गोंगाट) लावा.

फेडरचा उतार काढून झाला की विलंबिताची शेवटची दोन आवर्तने आणि छोट्या ख्यालाची पहिली दोन, एवढा तुकडा लिमिटरशिवाय इथे चढवा. उतार कुठे सुरू केला ते लिहू नका. मला ते ऐकून सापडते का, ते पाहू.